समकालीन जपानी प्रोग्रेसिव्ह रॉक

रॉक संगीतात दीर्घ रचना, बदलते ताल आणि पाश्चात्त्य अभिजात व जॅझ संगीताची रचनातंत्रे आणणारा प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार १९७० च्या दशकात ब्रिटनमधून जगभर पसरला. जपानमध्ये त्याचा पाया घालणाऱ्या कलाकृतींत योनिन्बायाशी या टोकियोच्या बँडचा ‘इश्शोकु सोकुहात्सु’ (१९७४) हा अल्बम आवर्जून सांगितला जातो. दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पंकच्या लाटेपुढे या संगीताचा जोर ओसरला. जपानमध्ये मात्र नेमका त्याच सुमारास त्याला नवा बहर आला. किंग रेकॉर्ड्स या कंपनीने नेक्सस या उपलेबलखाली नोव्हेला, आइन सोफ, बि क्यो रान अशा बँडचे अल्बम बाजारात आणले. पुढच्या चार दशकांत नावारूपाला आलेल्या बँडना कोणत्याही एका घराण्यात बसवता येत नाही. प्रत्येकाने युरोप-अमेरिकेतला एखादा प्रवाह निवडला आणि मूळ कलाकारांनी जिथे हात आखडता घेतला होता तिथून पुढे तो नेला. त्यामुळे या संगीताला अनुकरण म्हणून निकालात काढणारे मत फारसे टिकत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ढोलवादक व गायक तात्सुया योशिदा. त्यांनी १९८५ मध्ये रुइन्स हा बँड स्थापन केला. त्यात बहुतेक काळ ड्रम आणि बास गिटार एवढीच दोन वाद्ये होती. बासवादक वेळोवेळी बदलत गेले. पुढे योशिदा ‘रुइन्स अलोन’ या नावाने एकट्यानेही कार्यक्रम करू लागले आणि सॅक्सोफोनवादक र्योको ओनो यांच्या साथीने त्यांनी सॅक्स रुइन्स ही जोडी उभी केली. रुइन्सच्या ‘पालाश्टॉम’ (२०००) या अल्बममध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकच्या गाजलेल्या रचनांचे तुकडे एकामागोमाग एक जोडून अवघ्या काही मिनिटांत वाजवले आहेत. ओळखीची ओळ कानावर पडते न पडते तोच पुढची सुरू होते आणि तरीही एकही जोड सैल पडत नाही. या परंपरेवरचे प्रेम आणि तिच्यावरची हुकमत, दोन्ही त्यात एकाच वेळी ऐकू येतात.

योशिदांनी १९९१ मध्ये उभा केलेला कोएंजी ह्याक्केई हा बँड टोकियोच्या सुगिनामी प्रभागातील कोएंजी या भागाचे नाव धारण करतो. फ्रान्समधील माग्मा या बँडने आणि त्याचे प्रमुख क्रिस्तियाँ वांदेर यांनी कल्पित भाषेतील समूहगान व ठोकत जाणारी लय यांतून झॉयल नावाची शैली घडवली होती. कोएंजी ह्याक्केईने तिचा गाभा घेतला, भाषा मात्र स्वतःची रचली आणि लय कितीतरी पटींनी वाढवली. ‘अंगेर शिस्पा’ (२००५) या अल्बममध्ये उंच पट्टीतील स्त्रीस्वर, सॅक्सोफोन आणि कीबोर्ड अनेकदा एकच वळणावळणाची स्वररेषा एकत्र उचलतात. खाली ड्रमचे आवर्तन दर काही क्षणांनी लांबी बदलते, तरी सगळे नेमक्या एकाच ठोक्यावर थांबतात. यातले फार थोडे उत्स्फूर्त असते. बहुतेक सारे आधी लिहिलेले आणि पाठ केलेले असते. त्यानंतरचा ‘धोरिमविस्खा’ हा स्टुडिओ अल्बम येण्यास २०१८ साल उजाडले.

केन्सोची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. कानागावा प्रांतात शाळकरी वयात असताना, १९७४ मध्ये, गिटारवादक योशिहिसा शिमिझु यांनी हा बँड सुरू केला. शिमिझु व्यवसायाने दंतवैद्य आहेत. प्रामुख्याने वाद्यसंगीताच्या या रचनांत दोन कीबोर्ड आणि गिटार यांच्यातील संवाद मध्यवर्ती असतो. जॅझ-रॉकची सफाई आणि मोठी, गुणगुणता येतील अशी स्वरवाक्ये हे केन्सोचे बलस्थान आहे. ‘एसोप्ट्रॉन’ (१९९९) मध्ये गिटारचा बाज बराच आक्रमक झाला.

आर्स नोव्हा हे कीबोर्डवादक केइको कुमागाई यांच्या नेतृत्वाखालील स्त्रीवादकांचे त्रिकूट म्हणून प्रसिद्धीस आले. ऑर्गन व सिंथेसायझरचे दाट थर आणि काळोख्या, भीतिदायक कल्पनाविश्वाची ओढ ही ‘गॉडेस ऑफ डार्कनेस’ (१९९६) सारख्या अल्बममधील त्यांची ओळख होय. व्हायोलिनवादक आकिहिसा त्सुबोई यांच्या केबीबी या बँडमध्ये व्हायोलिन हेच मुख्य वाद्य आहे. युका अँड क्रोनोशिप या बँडने ‘द थर्ड प्लॅनेटरी क्रॉनिकल्स’ (२०१५) मध्ये विज्ञानाच्या इतिहासावर संपूर्ण अल्बम रचला. १९९७ मध्ये विसर्जित झालेल्या तिपोग्राफिका या बँडचा प्रभाव वेगळ्या दिशेचा आहे. त्याचे गिटारवादक त्सुनेओ इमाहोरी यांच्या रचनांत लय अडखळल्यासारखी वाटते, परंतु ते अडखळणेही काटेकोरपणे लिहिलेले असते.

या प्रकाराच्या सीमेवर रोव्हो उभा आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या बँडमध्ये दोन ढोलवादक आणि युजी कात्सुई यांचे विद्युत व्हायोलिन असून, स्वर-लयीची एकच आकृती दीर्घकाळ वाढवत नेऊन श्रोत्यांना नाचवणे हा त्याचा बाणा आहे. ब्रिटिश गिटारवादक स्टीव्ह हिलेज यांच्या सिस्टम सेव्हनबरोबर रोव्होने ‘फीनिक्स रायझिंग’ (२०१३) हा अल्बम केला.

अशा संगीताला मोठा श्रोतृवर्ग नाही. त्याचा आधार म्हणजे ‘लाइव्ह हाउस’ म्हणून ओळखली जाणारी छोटी सभागृहे. टोकियोच्या किचिजोजी भागातील सिल्व्हर एलिफंट हे त्यांपैकी या संगीताचे जुने ठिकाण आहे. जपानी लाइव्ह हाउसमध्ये अनेकदा बँडवर ठरावीक तिकिटे खपवण्याची अट असते आणि ती न खपल्यास फरक वादकांनाच भरावा लागतो. त्यामुळे अनेक जण दुसऱ्या उत्पन्नाच्या बळावर, किंवा इतरांच्या ध्वनिमुद्रणांत साथ करून, आपले संगीत चालू ठेवतात. दोन अल्बमांमध्ये पडणाऱ्या दीर्घ अंतरामागे हेही एक कारण असावे. हॅपी फॅमिली या बँडचे ‘तोस्को’ (१९९७) आणि ‘मिनिमल गॉड्स’ (२०१४) हे लागोपाठचे दोन अल्बम सतरा वर्षांच्या अंतराने आले आणि दोन्ही अमेरिकेतील क्युनिफॉर्म रेकॉर्ड्सने प्रकाशित केले. फ्रान्समधील म्युझिआ या लेबलनेही अनेक जपानी बँडचे अल्बम युरोपातील श्रोत्यांपर्यंत पोहोचवले.