चॉप ६३ अंशांवर, सॉस शंभरावर

क्रीमच्या सॉसमधले पोर्क चॉप फसतात ते बहुधा एकाच कारणानं: मांस आणि सॉस एकाच पॅनमध्ये, एकाच वेळी शिजत ठेवले जातात. सॉस आटायचा तर तो उकळायला हवा, म्हणजे जवळपास १०० अंश सेल्सिअस. चॉपचा गाभा मात्र ६३ अंशांनाच तयार झालेला असतो. सॉस दाट होईपर्यंतची सात-आठ मिनिटं चॉप त्यात बुडून राहिला, तर तो वातड होणारच. क्रीम मांसाच्या आत शिरत नाही, त्यामुळे वरून कितीही ओतलं तरी गेलेला रस परत येत नाही. पॅन एकच वापरावा, पण चॉप आधी आणि सॉस नंतर.

चॉप कापला जातो तो पाठीच्या कण्यालगतच्या लांब स्नायूतून. या स्नायूला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून त्यात चरबी कमी आणि कोलॅजन (स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) हेही कमी. खांद्याच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं. ते तासन्‌तास शिजवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. चॉपमध्ये जिलेटिन व्हायला फारसं काही नसतंच. ‘अजून थोडं शिजू दे, मऊ होईल’ हा अनुभव इथे उलटा पडतो. साधारण ५० अंशांपासून मायोसिन हे प्रथिन गोठू लागतं आणि कच्चं, लिबलिबीत मांस घट्ट होतं. ६० अंशांच्या पुढे तंतूंभोवतीची आवरणं आकसतात आणि आतलं पाणी पिळून काढतात. ६६ ते ७३ अंशांच्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही गोठतं. तिथून पुढे चावायला कोरडा आणि चिवट असा चॉप हाती येतो. रसाळ आणि वातड यांच्यातलं अंतर जेमतेम आठ-दहा अंशांचं आहे, म्हणून शिजवायला घेण्याआधी खुपसायचा थर्मामीटर हाताशी हवा.

६३ अंशांना मांस कच्चं तर राहत नाही ना, ही शंका रास्त आहे. डुकराच्या मांसाची भीती मुख्यतः ट्रिकिनेला या कृमीमुळे होती, आणि तो ५८ अंशांच्या आसपास मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा ७१ वरून ६३ अंशांवर आणली. त्यानंतर किमान ३ मिनिटं मांस तसंच ठेवायचं. खिम्याला ही सूट नाही, कारण पृष्ठभागावरचे जिवाणू दळताना आतपर्यंत मिसळतात. त्याला ७१ अंश हवेतच. रंगावर विसंबू नका. ६३ अंशांच्या चॉपचा गाभा किंचित गुलाबी दिसू शकतो, आणि काही मांस त्याहून जास्त शिजूनही गुलाबीच राहतं.

घेताना जाडीकडे आधी बघा. दोघांसाठी ३ सेंटिमीटर जाडीचे, हाडासकट, प्रत्येकी साधारण २५० ग्रॅमचे दोन चॉप घ्या. जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. त्यामुळे एक सेंटिमीटरचा चॉप वरून तांबूस होण्याआधीच आतून जास्त शिजून बसतो, तर जाड चॉपला रंग चढायला पुरेसा अवधी मिळतो. मांस लालसर गुलाबी आणि घट्ट हवं. फिकट, लिबलिबीत, पाकिटात पाण्याचं तळं साचलेलं मांस घेऊ नका. जनावर कापल्यानंतर स्नायू गरम असतानाच त्यात आम्ल फार झपाट्यानं वाढलं, तर प्रथिनं बिघडतात आणि त्यांना पाणी धरून ठेवता येत नाही. असं मांस कितीही जपून शिजवलं तरी कोरडंच लागतं.

मग मीठ. ५०० ग्रॅम चॉपला ५ ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे सपाट छोट्या चमच्यापेक्षा थोडं कमी, दोन्ही बाजूंना सारखं चोळा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि मग हळूहळू आत जातं. आत गेल्यावर प्रथिनांचे तंतू थोडे फुगतात, मायोसिनचा काही भाग विरघळतो आणि शिजताना पाणी कमी गळतं. यातली मधली वेळ वाईट. मीठ लावून १०-१५ मिनिटांनी चॉप पॅनमध्ये टाकला, तर वर आलेलं पाणी अजून तिथेच असतं. म्हणून एकतर पॅनवर टाकताना मीठ लावा, नाहीतर किमान पाऊण तास आधी. सगळ्यात उत्तम म्हणजे रात्रभर फ्रिजमध्ये, उघडं: मीठ आत जातं आणि पृष्ठभागही सुकतो.

हा सुकेपणा महत्त्वाचा आहे. तांबूस रंग आणि खमंग वास देणारी मेयार अभिक्रिया (लुई-कामी मेयार यांनी ती १९१२ मध्ये मांडली) १४० अंशांच्या आसपास जोर धरते. पृष्ठभाग ओला असेल तोवर तापमान शंभरावरच अडून राहतं. पाणी २० वरून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास पावणेसातपट त्याची वाफ करायला लागते. चॉप कागदानं दाबून टिपा, अगदी कडांपर्यंत. ही दोन मिनिटांची टिपाटिपी टाळली, तर चॉप भाजत नाही, पाण्यातच शिजतो.

चॉपच्या कडेला चरबीचा पट्टा असतो, त्याखाली पांढरट पापुद्रा. तो मांसापेक्षा जास्त आकसतो आणि चॉप वाटीसारखा वाकतो. मग मधला भाग पॅनला टेकतच नाही. त्या पट्ट्याला दोन-दोन सेंटिमीटरवर पापुद्र्यापर्यंत चिरा द्या. जाड बुडाच्या पॅनमध्ये टेबलस्पूनभर तेल चांगलं तापवा, आधी चॉप चरबीच्या कडेवर उभे धरून मिनिटभर ठेवा आणि मग आडवे टाका. दर मिनिटाला उलटा. एकदाच उलटायचं, हा नियम पाळायची गरज नाही. वारंवार उलटल्यानं दोन्ही बाजूंनी उष्णता सारखी जाते आणि पृष्ठभागाखालचा जास्त शिजलेला करडा थर पातळ राहतो. लोणी या टप्प्यावर नको, त्यातले दुधाचे कण करपतात.

मांस भाजलं की रस आत कोंडला जातो, असं १८४७ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञानं प्रसृत केलेल्या कल्पनेतून आजही मानलं जातं. पॅनमधला चर्र आवाज तिला खोटं ठरवतो: तो बाहेर पडणाऱ्या रसाची वाफ होण्याचाच आवाज आहे. चॉप भाजायचा तो चवीसाठी.

सात-नऊ मिनिटांत गाभा ५९-६० अंशांवर येईल. थर्मामीटर बाजूनं, मधोमध आणि हाडापासून दूर खुपसा. चॉप आता ताटलीत काढा. बाहेरच्या थरातली उष्णता आत जात राहते आणि गाभा आणखी तीन-चार अंश चढतो.

आता पॅनच्या बुडाला लागलेली तांबूस खरवड बघा. सॉसची चव बहुतांशी तिच्यात आहे. ती काळी झाली असेल तर पॅन पुसून घ्या, कारण करपलेला कडूपणा क्रीमनं झाकला जात नाही. तांबूस असेल तर चमचाभर चरबी ठेवून बाकीची ओता, बारीक चिरलेला छोटा कांदा मिनिटभर परता आणि १५० मिलिलिटर स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी) घाला. लाकडी उलथन्यानं बूड खरवडत तो निम्मा होईतो उकळा, तीन-चार मिनिटं. वाइन वापरणार असाल तर ती स्टॉकच्या आधी आटवा. मीठ अजिबात घालू नका. स्टॉक आटतो तसा त्यातला खारटपणा वाढत जातो.

मग १२० मिलिलिटर क्रीम, स्निग्धांश ३५ टक्के किंवा जास्त. २० टक्क्यांच्या क्रीमनं कॅलरी वाचतात, पण ते उकळलं की फाटू शकतं. स्निग्धांश जास्त असलेल्या क्रीममध्ये केसीन हे दुधातलं प्रथिन प्रमाणानं कमी असतं, आणि त्यातलं बरंच चरबीच्या थेंबांना चिकटलेलं असतं. गुठळ्या व्हायला मोकळं केसीन फारसं उरत नाही. कमी स्निग्धांशाचंच क्रीम घ्यायचं असेल तर त्यात आधी छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. स्टार्च केसीनचे कण एकमेकांना चिकटू देत नाही.

मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटांत सॉस चमच्याच्या पाठीला धरतो आणि बोटानं ओढलेली रेघ तशीच राहते. त्याच्या किंचित आधीच थांबा; गार होताना तो आणखी दाट होतो. जास्त आटला तर चरबीचे थेंब एकमेकांत मिसळून वर तेल सुटतं. हे निस्तरता येतं: चमचाभर पाणी घालून जोरात फेटा. फाटून रवाळ झालेलं क्रीम मात्र मूळपदावर येत नाही.

आच बंद करा. छोटा चमचाभर मोहरीची पेस्ट, अर्धा चमचा लिंबाचा रस आणि चाखून मीठ घाला. ताटलीत साठलेला चॉपचा रसही आत्ताच घाला, कारण उकळत्या सॉसमध्ये त्यातली प्रथिनं गोठून करडे कण तरंगतात. चॉप पुन्हा मोजा. ६३ अंश भरले असतील तर सॉसमध्ये फक्त घोळवून वाढा. दोन-तीन अंश कमी असतील तर मंद आचेवर मिनिटभर सॉसमध्ये ठेवा, बुडबुडे येऊ न देता, आणि पुन्हा मोजून ३ मिनिटं थांबा.

उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम करायचं असेल तर दोन्ही वेगवेगळं साठवा. सॉस चमचाभर पाणी घालून उकळा, चॉपचे पातळ काप करा आणि आच बंद केल्यावर त्यात सोडा. काप पातळ असल्यानं ते सॉसच्या उष्णतेनंच मिनिटभरात गरम होतात.