दरवर्षी पैसे कशाचे घेता? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार,

"एकदा कॉम्प्युटर बसवून दिलात, बिलं निघतायत, मग दरवर्षी पैसे कशाचे?" वार्षिक देखभालीचे बिल हातात पडले की निम्मे ग्राहक हेच विचारतात. विचारायलाच हवे. पण समोर गिऱ्हाईक उभे असताना गल्ल्यापाशी याचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद.

आधी आमची चूक कबूल करतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सगळीकडे धांदल होती आणि आम्हीही ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, "एकदा सॉफ्टवेअर टाका आणि निर्धास्त व्हा." वर्षही सरले नाही तोच, एप्रिल २०१८ मध्ये ई-वे बिल (माल गाडीतून पाठवताना सरकारी पोर्टलवर काढायचा कागद) आले. ऑक्टोबर २०२० मध्ये वर्षाला ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस (दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेले बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे) सक्तीचे झाले, तेव्हा आपल्यापैकी कोणी मान वर करूनही पाहिले नाही. मग ती मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली आणि आमचे काही ग्राहक एकदम तिच्यात सापडले. त्यातल्या एकांचे म्हणणे, "यंदा माझी उलाढाल तेवढी नाही." पण २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षी आकडा ओलांडला असेल, तर नियम लागू होतो. जुन्या वर्षांचा डेटा उघडता येत होता म्हणून ते निदान पाहता तरी आले.

आता अगदी ताजे उदाहरण. २१ सप्टेंबर २०२५, रविवारची रात्र. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. अंगाचा साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे १८ टक्क्यांवरून ५ वर. फरसाण आणि तूप १२ वरून ५ वर. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली, त्यामुळे सरसकट बदलून टाका असेही करता येईना.

सांगलीच्या गणपती पेठेतली दोन होलसेल दुकाने, सॉफ्टवेअर एकच, माल जवळपास सारखा. पहिल्या दुकानात माल एचएसएन कोडप्रमाणे (मालाच्या प्रत्येक प्रकाराला जीएसटीसाठी ठरवून दिलेला क्रमांक) गटांत लावलेला होता. आम्ही गटाचा दर बदलला, दहा-बारा बिले काढून ताडून पाहिली आणि चहा घेऊन बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात एकच बिस्किटाचा पुडा चार नावांनी बसलेला: बिस्कीट, बिस्किट, बिस्कुट आणि नुसतेच 'बि. छोटा'. दोन ठिकाणी एचएसएन कोड नाही, एका ठिकाणी दुसऱ्याच मालाचा. तिथले काम दसऱ्यापर्यंत पुरले.

यात त्या दुकानातल्या पोराचा दोष नाही. गिऱ्हाईक घाई करते, यादीत नाव सापडत नाही, पोरगा नवीन आयटम उघडून बिल देतो. आपणही तेच केले असते. पण असे रोज एक-दोन झाले की वर्षाने स्टॉकचा आकडा गोदामाशी जुळत नाही आणि मालक म्हणतात, कॉम्प्युटर खोटे बोलतो. दर तीन महिन्यांनी आम्ही येतो तेव्हा पहिले काम हेच असते: दुहेरी नावे एकत्र करणे, कोड तपासणे, न चालणारा माल यादीतून बाजूला काढणे. हे कंटाळवाणे काम आहे आणि झालेले दिसतही नाही. पैशांतला सर्वांत मोठा वाटा याचाच.

दुसरी गोष्ट मोबाइल नंबरची. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर शिरताना सगळ्यांनाच ओटीपी लागतो. एका ग्राहकाचा ट्रक भरून तयार, ड्रायव्हर बिडी पेटवून बसलेला, आणि ओटीपी जातोय पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या फोनवर! २०१७ मध्ये जीएसटीची नोंदणी त्यानेच केली होती. पुतण्या मीटिंगमध्ये. पोर्टलवर दुकानातल्या माणसाला उपवापरकर्ता करून त्याचा स्वतःचा नंबर जोडता येतो, दहा मिनिटांचे काम आहे. माणूस काम सोडून गेला की नंबर काढायचा, हे मात्र कुणालाच आठवत नाही. म्हणून दर फेरीला आम्ही विचारणार: कोण आले, कोण गेले? राग मानू नये.

बॅकअपबद्दल थोडक्यात. २०१९ च्या महापुरात एका दुकानाचा कॉम्प्युटर बुडाला आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता. एक प्रत दुकानाबाहेर हवीच, घरी किंवा क्लाउडवर. आणि ती उघडते का, हे दुसऱ्या मशीनवर उघडूनच कळते.

यूपीआयचे पैसे बँकेत दिसतात पण उधारीच्या खात्यातून वजा होत नाहीत, ही तक्रार सध्या सर्वांत जास्त येते. स्पीकर "प्राप्त झाले" म्हणाला की काउंटरवरचा माणूस निश्चिंत होतो आणि नोंद राहून जाते. मग दिवाळीला ज्याने पैसे दिलेत त्यालाच तगादा. यावर आमच्याकडे जादू नाही. रात्री गल्ला मोजताना बँकेची यादी समोर धरून दहा मिनिटे बसावे लागते. कसे बसायचे ते दाखवून देऊ.

काय घेऊ नये, हेही सांगतो. स्वतःचे मोबाइल ॲप करून घ्या असे सांगणारे लोक सध्या पेठेत फिरतायत. तुमचे चाळीस-पन्नास ठरलेले किरकोळ दुकानदार व्हॉट्सॲपवर ऑर्डर पाठवतात. त्यांना ॲप नको आहे. तो खर्च तूर्त करू नका. कॉम्प्युटर अजून विंडोज १० वर असेल तर मात्र आमच्याशी बोला. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा मोफत आधार (सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या) संपला. मशीन बंद पडणार नाही, पण त्याच मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतात आणि जुन्या खतावणीतल्या बाक्या तिच्यात ओढून घेतात. दिवाणजी ते करताना प्रत्येक खाते डोळ्यांखालून घालायचे. मेलेली उधारी कोणती, चालती कोणती, तिथेच ठरायचे. कॉम्प्युटर बाक्या आपोआप ओढतो, त्यामुळे ते बघणे तेवढे सुटले. यंदापासून दिवाळीआधीच्या फेरीत खात्यांची पूर्ण यादी छापून तुमच्यासमोर ठेवणार आहोत. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पुढच्या फेरीची तारीख आदल्या आठवड्यात फोनवर कळवू. सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी तीननंतर बरे पडेल. रोज बिले करणारा मुलगा त्या वेळी दुकानात हवा. मालक बाहेरगावी असले तरी चालेल.