पहिलीचे भाद्रपद-आश्विन

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीला गणपतीपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जे शिकवले जाते त्याविषयीची ही नोंद. शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या थोड्या उशिरा सुरू होतात. पहिले सत्र दिवाळीला संपते. जून-जुलै रडारड थांबवण्यात, रांगेत बसायची सवय लावण्यात आणि उभ्या-आडव्या रेघा, गोल, अर्धगोल गिरवून घेण्यात जातात. अक्षराला अक्षर लागून शब्द वाचता येऊ लागतो तो साधारण भाद्रपदात.

भाषा : मुळाक्षरे तोंडपाठ होतात ती क, ख, ग या क्रमाने, पण लिहायला शिकवताना हा क्रम बहुधा पाळत नाहीत. ग, म, भ, न ही अक्षरे एकाच धाटणीची, शेवटी उभा दंड असलेली, म्हणून एकत्र घेण्याची जुनी रीत आहे. त्यावरूनच ‘गमभन’ हा शब्द अक्षरओळखीला रूढ झाला. त्याहून जुना शब्द ‘धुळाक्षरे’. फळीवर बारीक धूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढत, तेव्हाचा तो. आता पाटी-पेन्सिल आणि वही दोन्ही चालतात. पाटीवर चूक थुंकीने पुसता येते, हा तिचा मोठा फायदा शिक्षकांना मान्य नसला तरी मुलांना पटलेला असतो.

आधी विनाकान्याचे शब्द येतात : नळ, घर, गवत, मगर. मग काना. ‘मन’ला काना दिला की ‘मान’ होते हे कळल्यावर पोर दिसेल त्या अक्षराला काना देत सुटते. अडते ते वेलांटीवर. ‘दिवा’मधली पहिली वेलांटी लिहायची ‘द’च्या डावीकडे आणि उच्चारायची ‘द’नंतर, डोळा आणि कान यांचा हा बेबनाव सहा वर्षांच्या मुलाला पटत नाही. ते वेलांटी उजवीकडे देऊन मोकळे होते, आणि पुष्कळदा ऱ्हस्वाचे दीर्घ होते ते यामुळे. उकार, मात्रा, अनुस्वार यांतले किती दिवाळीपूर्वी होते हे वर्गावर अवलंबून; जोडाक्षरांची गाठ दुसऱ्या सत्रात. घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांना अक्षरासोबत शाळेची भाषाही नव्यानेच शिकावी लागते. त्यांच्याकडून इतरांच्या वेगाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

गणित : वस्तू मोजणे, लहान-मोठे, मागे-पुढे हे झाले की अंकांचे लेखन येते. देवनागरी ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपे. ‘छत्तीसचा आकडा’ हा वाक्प्रचार या पाठ फिरवलेल्या जोडीवरूनच आला. पहिलीच्या पाटीवर या दोघांची अदलाबदल रोजची. मग नऊपर्यंतच्या बेरजा, बोटांवर, चिंचोक्यांवर किंवा मण्यांवर. पुढचा अडथळा संख्यांच्या नावांचा. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल २५ ऐवजी ५२ लिहिते. ‘एकोणीस’मध्ये तर नऊचा मागमूसही नाही. ही अडचण लक्षात घेऊन २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आणली गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यावर विधिमंडळापर्यंत वाद गेला. थट्टा खूप झाली. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांना मात्र अडचण खरी असल्याचे ठाऊक होते.

इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. या दिवसांत ते गाणी, सूचना आणि रंगांची नावे यांपुरतेच असते. २०२५-२६ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम पहिलीपासून लागू होऊ लागला. त्यासोबत आलेला, पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा निर्णय विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी मागे घेतला गेला.

सणांतले शिक्षण : परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक पहिलीला नसते, पण ती उणीव पंचांग भरून काढते. पोळ्याला मातीचे बैल होतात. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून निघतात. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन असते. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरतात. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती मोजणी सोळापर्यंत जाते. डब्यातली खिरापत ओळखताना ‘गोड की तिखट, ओली की कोरडी’ असे प्रश्न विचारत वर्गीकरणही होते. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही स्वाध्यायाला इतकी एकाग्रता लाभत नाही, कारण उत्तर खायला मिळते. दसऱ्याला पाटीपूजन. १ हा आकडा ठरावीक मांडणीत अनेकदा काढून, रेषांनी जोडून पाटीवर सरस्वती होते. जूनपासून तोच आकडा गिरवून कंटाळलेल्या मुलाला त्याची देवी झालेली दिसते. पाटीवर झेंडू आणि आपट्याची पाने वाहतात. त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी, म्हणजे पूजा अधिकच मनापासून होते.

मूल्यमापन : दिवाळीपूर्वी पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन होते. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष पद्धतीत पहिली-दुसरीला वर्गातल्या रोजच्या निरीक्षणाला, म्हणजे आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के आणि संकलितला ३० टक्के भार दिला गेला. पालक तरीही त्याला ‘सहामाही’च म्हणतात आणि नंबर कितवा ते विचारतात.

खंड : बीडसारख्या जिल्ह्यांत हे सत्र वेगळ्याच घड्याळावर चालते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली ऊसतोड जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. पूर्वी त्यांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. नंतर मुलांना आजी-आजोबांपाशी गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांवर भर आला. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे पोहोचेल तिथल्या शाळेत दाखवून बसता यावे. पण उसाच्या फडाजवळ शाळा असेलच असे नाही, आणि असली तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला कोपीवर, म्हणजे झोपडीवर, कोणीतरी लागते. वेलांटीवर थांबलेले पोर फाल्गुन-चैत्रात परतते, तेव्हा वर्ग जोडाक्षरांवर गेलेला असतो.