दाबव्रण-प्रतिबंधक ड्रेसिंग

अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ रुग्णाची त्वचा शाबूत असतानाच, हाडांच्या उंचवट्यांवर दाबव्रण (बेडसोर) होऊ नये म्हणून चिकटवायचे आच्छादन. वापर मुख्यतः अतिदक्षता विभागात; जागा बहुधा त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचे, कंबरेखालचे हाड) व टाचा.

दाबव्रण वरून आत जातो की हाडालगत सुरू होऊन वर येतो, याबद्दल मतभेद आहेत. लँडिस या संशोधकाने १९३० मध्ये मोजलेला केशवाहिनीतील सुमारे ३२ मिमी पारा हा दाब पुढे दीर्घकाळ धोक्याची सीमा मानला गेला. ते मापन निरोगी व्यक्तींच्या नखालगतच्या त्वचेवरचे होते. माकडहाडाजवळच्या ऊतकाला ते लावणे सयुक्तिक वाटत नाही. जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब बराच वेळ, दोन्ही घातक ठरतात, असे कोसिॲक या संशोधकाच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून (१९५९) दिसले. अलीकडे रक्तपुरवठा तुटण्याइतकेच पेशींच्या थेट विरूपणाला (दाबाने आकार बिघडण्याला) महत्त्व दिले जाते. उथळ व्रण घर्षण व ओलाव्याने, तर खोल व्रण हाडालगतच्या विरूपणाने होतात, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

ड्रेसिंगची रचना याच मतावर उभी आहे. सिलिकॉनने त्वचेला चिकटणाऱ्या बहुस्तरीय फोमचे थर एकमेकांवर किंचित सरकतात. पलंगाचे डोके उंचावल्यावर रुग्ण घसरतो, तेव्हाचा कातरताण (त्वचा व आतील ऊतक विरुद्ध दिशांना ओढले जाण्याचा ताण) त्वचेऐवजी ते झेलतात. पातळ पारदर्शक फिल्म घर्षण कमी करते, पण कातरताण झेलणे तिला जमत नाही.

मेलबर्नमधील ४४० रुग्णांच्या चाचणीत (२०१३) व्रणांचे प्रमाण ड्रेसिंग असलेल्यांत ३.१, तर नसलेल्यांत १३.१ टक्के आढळले. बेल्जियममधील मोठ्या चाचणीत (२०२१) फरक लहान होता : ४.० विरुद्ध ६.३ टक्के, त्रिकास्थीवर लाभ दिसला, टाचेवर स्पष्ट दिसला नाही. २०१९ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका हा फोम नेहमीच्या काळजीला जोड म्हणून सुचवते. ड्रेसिंग लावले म्हणून कूस बदलणे थांबवले, तर लाभ उरत नाही. टाच तर पोटरीखाली उशी देऊन अधांतरीच ठेवावी.

त्वचा पुसून पूर्ण कोरडी करतात. खोबरेल तेल, पावडर किंवा मलम राहिले तर कडा सुटतात. रुग्णाला कुशीवर वळवून नितंब अलग धरतात, ड्रेसिंगचे निमुळते टोक नितंबांमधील घळीत बसवतात आणि मधून कडेकडे दाबत नेतात. ताणून लावू नये. ताणाने कडेला फोड येतात, सुरकुती स्वतःच दाब देते. वर तारीख लिहितात. किमान रोज एकदा कड उचलून त्वचा पाहतात व तेच ड्रेसिंग पुन्हा बसवतात. मळले, कडा गुंडाळल्या किंवा आत शौच शिरले की लगेच बदलतात; एरवी उत्पादकाने दिलेली मुदत पाळतात. जुलाब होत असतील तर ते टिकत नाही. श्वासासाठी लावलेल्या मास्कखाली नाकाच्या दांड्यावर पातळच तुकडा लावावा. जाड फोमने मास्कचा दाब उलट वाढतो.

सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. शेजारच्या त्वचेशी ताडून उष्णता, कडकपणा, सूज व वेदना तपासाव्यात. फरक जाणवल्यास त्या भागावरचा भार लगेच काढावा. तेथे चोळू नये.