घरातील जुन्या वस्तूंतून खेळकर चित्रे : आमच्या मिश्र माध्यम कार्यशाळेविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या लहानशा कार्यशाळेत प्रथमच येणारे ग्राहक भिंतीवरील कामे पाहून बहुधा एकच प्रश्न विचारतात, की याला चित्र म्हणायचे की शिवणकाम. प्रश्न रास्त आहे, कारण एकाच चौकटीत रंगवलेले आभाळ, वाकळेचा तुकडा, तांब्याची तार, पत्राची घडी आणि कधीच हरवलेल्या कुलपाची किल्ली शेजारी शेजारी नांदत असतात. अशा कामाला मिश्र माध्यमातील चित्र म्हणतात. ते आम्ही कसे करतो, कोणत्या वस्तू घेतो, कोणत्या नाकारतो आणि घरी नेल्यावर त्याची निगा कशी राखावी, हे काम सोपवण्यापूर्वीच आपणास नीट कळावे, यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे.

मिश्र माध्यम म्हणजे काय

कलेच्या इतिहासात या प्रकाराची गोष्ट बहुधा १९१२ या सालापासून सांगतात. त्या वर्षी पाब्लो पिकासो यांनी वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड एका लंबगोल कॅनव्हासवर चिकटवले आणि चौकटीच्या जागी भोवताली दोर बसवला. त्याच वर्षी जॉर्ज ब्राक यांनी लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद आपल्या कोळशाच्या रेखाटनावर चिकटवला. चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून कोलाज हा शब्द आला.

मराठवाड्यातील माणसाला मात्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. विटलेले लुगडे, फाटके धोतर आणि पोरींचे आखूड झालेले परकर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने जोडणाऱ्या आपल्या आज्या रंग, पोत आणि आठवण यांचा मेळ घालीतच आल्या आहेत. अजिंठ्याची भित्तिचित्रेसुद्धा एका पदार्थाची नाहीत : खडकाच्या ओबडधोबड पृष्ठावर तंतू आणि भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि तो वाळल्यानंतर चिकट द्रव्यात कालवून लावलेले गेरू, पिवळी माती, हिरवी माती व काजळी यांचे रंग, अशी त्यांची बांधणी आहे. माती जवळपासची होती, पण निळ्या रंगाचा लाजवर्द दगड फार दुरून आणावा लागे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले असून, तो गिलावा किडीपासून बचावण्यात त्यांचा वाटा असावा, असे संशोधकांनी मांडले आहे. आम्ही लेण्यांशी बरोबरी सांगत नाही. परंतु कोणत्या थरावर कोणता थर टिकेल याचा विचार आधी करायचा आणि कल्पनेला त्यानंतर मोकळे सोडायचे, ही शिस्त आम्ही तिथूनच उचलली आहे. चित्रातला कोंबडा छत्री घेऊन उडणार असेल, तर त्याच्या पाठीमागचा कागद अधिकच पक्का हवा.

पाया, डिंक आणि आमची एक चूक

कागदी कामासाठी आम्ही शक्यतो हातकागद वापरतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे, आणि चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदातील लांब तंतू टाके, ओल आणि रंगाचे थर सहज पेलतात. यंत्रावरचा कागद वापरायचा झाल्यास तो ३०० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) हलका घेत नाही. हलका कागद डिंक लागताच लाटांसारखा उठतो. वर्तमानपत्राचे कात्रण मात्र आम्ही मूळ स्वरूपात चिकटवीत नाही. त्या कागदात लाकडातील लिग्निन हे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य राहिलेले असते आणि हवा व उजेड लागून तो पिवळा आणि ठिसूळ होतो. म्हणून कात्रण, लग्नपत्रिका किंवा हस्ताक्षर यांची आम्लरहित कागदावर प्रत काढून ती आम्ही चित्रात घेतो आणि मूळ कागद आपणास परत करतो.

चिकटवण्यासाठी पूर्वी पिठाची खळ वापरीत आणि पुस्तके बांधणारे तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असून आमच्याकडे लहान मुलेही शिकायला येतात, आणि मोरचूद न घातलेली खळ म्हणजे कसर व झुरळांना आमंत्रणच. यास्तव आम्ही कागद व कापडासाठी ॲक्रेलिक माध्यम (ॲक्रेलिक रंगातलेच, पण रंग न घातलेले चिकट द्रव्य) आणि लाकडासाठी पांढरा डिंक वापरतो. रंगांच्या बाबतीत एक नियम कधी मोडत नाही : ॲक्रेलिक रंगावर तैलरंग चालतो, परंतु तैलरंगावर ॲक्रेलिक रंग धरत नाही, कालांतराने त्याची साल निघते.

येथे आमची एक चूक सांगणे आवश्यक वाटते. सुरुवातीच्या दिवसांत एका ग्राहकांच्या दिवाणखान्यासाठी आम्ही हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कापडाचे मोठे सूर्यफूल केले होते. रंग इतका जिवंत आला, की आम्हीच त्यावर भाळलो. ते चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लागले आणि एका उन्हाळ्यात सूर्यफुलाच्या पाकळ्या साध्या मांजरपाटासारख्या पांढुरक्या झाल्या. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही, हे आम्ही आधी तपासून पाहायला हवे होते. चित्र विनामूल्य नव्याने करून दिले. तेव्हापासून प्रत्येक नवा रंग आणि प्रत्येक कापड यांची पट्टी अर्धी झाकून आम्ही गच्चीवर एप्रिल व मे असे दोन महिने उन्हात ठेवतो, आणि झाकलेल्या व उघड्या भागांत फरक दिसला तर ते साहित्य विक्रीच्या कामात घेत नाही.

एक चित्र जवळून

औसा तालुक्यातील एका कुटुंबाने आजीच्या निधनानंतर तिच्या ट्रंकेतील वस्तू आमच्याकडे आणल्या. इरकली लुगड्याचा झिजलेला काठ, एक पितळी किल्ली, बैलाच्या गळ्यातले एक घुंगरू आणि अडतीवरची तुरीची हिशेबपट्टी, एवढाच ऐवज होता. आजीचे काय आठवते, असे विचारल्यावर घरातील प्रत्येकाने, जणू ठरवून, वेळा अमावस्येचा, म्हणजे शेतात जाऊन पूजा व जेवण करण्याच्या सणाचा, दिवस सांगितला : रब्बीचे हिरवे शिवार, कडब्याची कोप, भज्जी आणि मडक्यातली अंबिल.

आम्ही २४ बाय ३० इंचांचे चित्र केले. त्यात अंबिलीचे मडके ढगासारखे शिवारावर तरंगते आहे आणि आजी त्याच्या काठावर पाय सोडून बसली आहे. लुगड्याचा काठ क्षितिजावर आडवा घेतला. ज्वारीची कणसे गाठीच्या टाक्यांनी भरली. एका कणसाला साधारण चाळीस गाठी लागल्या. हिशेबपट्टीच्या प्रतीचे बारीक तुकडे करून त्यांचे बगळे केले, त्यामुळे जवळ जाऊन पाहणाऱ्याला एका बगळ्याच्या पंखावर क्विंटलचा आकडा वाचता येतो. कोपीसाठी खरा कडबा वापरण्याचा मोह आवरला, कारण वाळलेल्या ताटांत कीड लपून राहते. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या हातकागदाच्या पट्ट्यांनी ते काम भागले. घुंगरू मडक्याच्या तळाशी तारेने मोकळे टांगले आहे आणि चौकटीला धक्का लागला, की ते वाजते.

खेळकर चित्र असा शब्द आम्ही वापरतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर असे काम असते. आठवण तंतोतंत खरी असावी आणि तिची मांडणी मात्र स्वप्नासारखी मोकळी असावी.

आम्ही काय नाकारतो

सुस्थितीतील पैठणी आम्ही कापत नाही, मग ग्राहकांचा आग्रह कितीही असो. पैठणीतील मोर, मुनिया (पोपट) किंवा असावली (फुलवेल) ही नक्षी वरून भरलेली नसते. हातमागावर रंगीत बाणा, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत अडकवून ती विणीतच घडवलेली असते, आणि कोठेही कात्री लावली तरी विणण्याचे ते कष्ट उसवू लागतात. जीर्ण होऊन फाटलेला पदर किंवा सुटलेला काठ आम्ही आनंदाने घेतो. हिमरू हे नक्षीदार विणीचे कापड आणि लमाण तांड्यांवरील आरशा-कवड्यांचे जुने भरतकाम यांनाही आम्ही हाच नियम लावतो. देवघरातील टाक, जमिनीचे कागद आणि कोणाचे एकमेव छायाचित्र आम्ही ठेवून घेत नाही.

रोजच्या जगण्यातला रंग

शनिवारच्या वर्गाला येणाऱ्या अनेक ताई आणि काही निवृत्त काका आम्हाला संकोचाने विचारतात, की या वयात आपले जगणे असे रंगीत होऊ शकेल का. होऊ शकते, असे आम्ही अनुभवाने सांगतो. परंतु त्यासाठी महागडे साहित्य आधी आणू नये. एक जाड कागदाची वही, कात्री, डिंक, तीन रंग आणि घरातील एक असा कोपरा, जेथे पसारा रात्री आवरावा लागत नाही, एवढे पुरे आहे. पसारा आवरावा लागला, की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडण्याचा कंटाळा येतो आणि बहुतेकांचे काम येथेच थांबते. रोज अर्धा तास वहीचे एक पान करावे. भाजीवाल्याने दिलेल्या पुडीचा कागद, एसटीचे तिकीट, दर्जीकाकांकडील कतरण, काहीही चालते. पान चांगले झाले का, हे महिनाभर कोणालाही विचारू नये.

रंग शोधण्यासाठीही फार दूर जावे लागत नाही. करडईचे फूल आधी पिवळे असते आणि कोमेजताना केशरी, मग तांबूस होत जाते. त्या एका फुलावरून आमच्या वर्गाने एकदा अकरा छटा कालवल्या होत्या. दुष्काळी वर्षातील शिवाराचा करडा रंगसुद्धा नीट पाहिला, तर त्यात जांभळा आणि गुलाबी असतो.

ज्यांना यावरच उदरनिर्वाह करावयाचा आहे, त्यांना आम्ही स्पष्टपणे सांगतो, की मागणी दिवाळी आणि लग्नसराई या दिवसांत एकवटते आणि उरलेल्या महिन्यांत आमचेही घर वर्गांच्या शुल्कावर चालते. हे माहीत असूनही जे या कामात उतरू इच्छितात, त्यांना आमच्या कार्यशाळेत बसून शिकण्याची मुभा आहे आणि त्यासाठी आम्ही वेगळे शुल्क घेत नाही.

निगा

चित्र थेट उन्हात, चुलीजवळ किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी. ओले फडके कधीही फिरवू नये. काच असलेल्या चौकटीत काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्ही मुद्दाम अंतर ठेवतो, ते दुसऱ्या कारागिराकडून काढून घेऊ नये. दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईत चौकट उतरवून मागील बाजूस वाळवी किंवा कसर लागली नाही ना, हे अवश्य पाहावे. एखादा टाका सुटला किंवा वस्तू ढिली झाली, तर चित्र आमच्याकडे आणावे. अशी दुरुस्ती आम्ही कायम विनामूल्य करतो.

काम सोपवताना

वस्तू धुऊन किंवा घासूनपुसून आणू नयेत. किल्लीवरचा काळपटपणा आणि कापडावरचा हळदीकुंकवाचा डाग पुष्कळदा चित्राला उपयोगी पडतो, आणि स्वच्छ काय करायचे ते आपल्यासमोर बसूनच ठरवता येते. पहिल्या भेटीसाठी तासभर वेळ काढावा आणि शक्य असल्यास घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीस सोबत आणावे. त्यानंतर आठवड्याभरात आम्ही रंगीत कच्चे रेखाटन आणि लेखी दर देतो. ते पसंत पडल्यावर अर्धी रक्कम घेऊन काम सुरू होते, आणि साधारण सहा आठवड्यांत चित्र तयार होते. पावसाळ्यात थर वाळण्यास वेळ लागत असल्याने आठ आठवडे धरावेत. चित्रात न वापरलेली प्रत्येक वस्तू, अगदी उरलेला दोराही, पुरचुंडीत बांधून चित्रासोबत परत दिला जातो.