बंद वायरीत ९० व्होल्ट आले कुठून?

खानापूरला आमच्या मावशीकडं नवीन खोलीत एक्झॉस्ट फॅनसाठी वायर काढून ठेवलीय, फॅन अजून बसवायचाय. मावशीच्या पोरानं ऑनलाइन डिजिटल मल्टीमीटर मागवला आणि हौसेनं दिसेल तिथं लावून बघत सुटला. रात्री मला फोन, "दादा, स्विच बंद हाय तरी मीटर नव्वद व्होल्ट दाखवूलाय, भिंतीत करंट उतरला काय?" तोवर शेजारच्या एका आजींनी घराला बाहेरचं काहीतरी आहे, दाखवून घ्या, असंही सांगून टाकलं होतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅनेल वायरिंगची कामं करतो, त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. लोकांना वाटतं मीटर म्हणजे नुसता बघणारा, आणि त्यात डिजिटल म्हणजे एकदम खरंच सांगणार. पण मीटर लावला की तोसुद्धा सर्किटचाच एक भाग होतो. उसाच्या पाटात पाणी किती आहे बघायला तुम्ही मधेच एक दारं मोडलं तर पुढच्या सरीला पाणी कमीच जाणार ना, मोठ्या कॅनॉलवर तेच केलं तर काही कळतसुद्धा नाही. इथं सगळं तसंच आहे.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे आणि मला हा प्रयोग फार आवडतो. ९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि १० लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा. शाळेच्या गणितानं एकावर ४.५ व्होल्ट यायला पाहिजेत. चांगला डिजिटल मीटर, ज्याचा आतला रेझिस्टन्स १ कोटी ओहम असतो, तो साधारण ४.३ दाखवतो. स्वस्तातला पिवळा मीटर, आतला रेझिस्टन्स १० लाख ओहम, सरळ ३ दाखवतो. आता काट्याचा जुना मीटर घ्या. त्याच्या डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात व्होल्टला २० हजार ओहम असं छापलेलं असतं, म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर तो २ लाख ओहमचा आणि ५० च्या रेंजवर १० लाखांचा होतो. १० च्या रेंजवर काटा जेमतेम १.३ वर येतो आणि रेंज ५० केली की ३ वर जातो! बॅटरी तीच, रेझिस्टर तेच, फक्त नॉब फिरवला.

कारण काटा हलवायचा म्हणजे आतल्या कॉइलला करंट लागतोच, पूर्ण काटा जायला ५० मायक्रोअँपिअर, आणि १ व्होल्ट भागिले ५० मायक्रोअँपिअर म्हणजेच ते २० हजार ओहम. आणि गंमत अशी की दोन रेंजवरच्या या दोन चुकीच्या रीडिंगवरून खरा आकडा काढता येतो, कारण अज्ञात गोष्टी दोनच, खरा व्होल्टेज आणि सर्किटचा स्वतःचा रेझिस्टन्स. मांडून बघा, जवळजवळ ४.५ व्होल्ट आणि ५ लाख ओहम येतात (मीटरच्या बाजूनं १० लाखांचे दोन रेझिस्टर समांतर दिसतात, म्हणून ५ लाख). पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) लॅबमध्ये पोटेंशिओमीटर केलेला आठवतो का? त्यात गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा असतो, त्या क्षणी मोजायच्या सेलमधून करंटच जात नाही, म्हणून तिथं ही चूकच होत नाही. करंट मोजताना उलटं होतं, अँपिअर मीटर मधेच सिरीजमध्ये बसतो आणि स्वतःवर थोडा व्होल्टेज खातो.

आता मावशीची वायर. एकाच पाइपमधून चालू फेज वायर आणि ही मोकळी वायर शेजारी शेजारी गेल्या की दोघींचा मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो, म्हणजे वायरी एकमेकींना चिकटलेल्या नसल्या तरी एसी करंट थोडासा पलीकडं जातो. तो १ नॅनोफॅराड धरला तर ५० हर्ट्झला त्याचा अडथळा जवळजवळ ३२ लाख ओहम. त्यातून येणारा करंट अगदी चिमूटभर, पण १ कोटी ओहमचा मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही म्हणून त्याला तोसुद्धा पुरतो. न्यूट्रल वायरही त्याच पाइपमध्ये असते, ती आपल्याकडं ओढते, म्हणून पूर्ण २३० न दिसता ९० दिसतात. तिथं वायरमननं जुना तारेचा झिरोचा बल्ब लावला तर पाव व्होल्टसुद्धा उरणार नाही.

पण बल्ब पेटला नाही म्हणजे भिंत ठीक आहे असं मात्र अजिबात समजू नका. आमच्या खानापूरच्या पावसात भिंत ओली होऊन खरोखरचं लीकेज होऊ शकतं, आणि बल्ब न पेटवणारा करंटसुद्धा माणसाला झटका देतो. म्हणून वायरमनला बोलावून ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्रानं, इन्सुलेशन तपासून घ्यावं. लिंबू ओवाळायला पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, तेच पैसे वायरमनला द्या, जीव वाचतो.

मावशीकडं मेगर लावला, इन्सुलेशन चांगलं निघालं. रविवारी फॅन बसवला. पोरानं लगेच तोच मीटर त्याच वायरीला लावला, स्विच बंदच, आणि आता आकडा शून्य. फॅनच्या काहीशे ओहमच्या वाइंडिंगमधून वायर न्यूट्रलला जोडली गेली होती.