नैसर्गिक जलधारण उपाय (पूरनियंत्रण)

पाणलोटात पडलेला पाऊस माती, झाडोरा, नाल्याकाठची सखल जमीन आणि तलाव यांत काही काळ अडवून नदीच्या पुराचा जोर कमी करण्याच्या पद्धती. ही संज्ञा युरोपीय संघाच्या जलधोरणातून रूढ झाली. महाराष्ट्रात ‘माथा ते पायथा’ (डोंगरमाथ्यापासून खाली नाल्यापर्यंत) पाणलोट विकासात यांतली बरीच कामे होतात, पण ती मुख्यतः सिंचन व भूजलासाठी. पुराचा हिशेबही त्याच आराखड्यात मांडायला हवा.

एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. 60 सेंमी रुंद व 30 सेंमी खोल समतल चराच्या (उताराला आडव्या, एकाच पातळीत खोदलेल्या चराच्या) एका मीटरमध्ये 0.18 घनमीटर पाणी मावते. हेक्टरी 500 मीटर चर खोदले तर 90 घनमीटर, म्हणजे जेमतेम 9 मिमी पाऊस. जमिनीत मुरते ते वेगळे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. एवढा पाऊस एकट्या चरांना आवरत नाही. नदीकाठची सखल जमीन आणि तलावातली रिकामी जागा लागतेच.

चर समपातळीत नसला की पाणी एका टोकाला धावते, तिथे भराव फुटतो आणि घळ पडते. म्हणून आखणी नळीपातळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासावी. नाल्यातल्या दगडी बांधाचा मधला भाग काठांपेक्षा खाली ठेवावा, दोन्ही टोके काठात रुतवावीत. नाहीतर लोंढा बांधाला वळसा घालून काठ पोखरतो.

नागपूरच्या काळ्या मातीचे वागणे ऋतूनुसार बदलते. जूनमध्ये भेगांतून पहिला पाऊस झपाट्याने आत जातो. माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग पार मंदावतो. त्यामुळे सप्टेंबरचा तेवढाच पाऊस अधिक पूर आणतो. अशा शेतात बांधबंदिस्तीला सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) ठेवला नाही तर कपाशी पाण्यात उभी राहून पिवळी पडते, आणि शेतकरी स्वतःच बांध फोडतो.

काठोकाठ भरलेला तलाव पुराचे पाणी फारसे अडवू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात गाळ काढण्याइतकेच पावसाळ्यात पातळी सांडव्याखाली राखणे महत्त्वाचे. गाळ काढल्याने साठा वाढतो, पण तो भाग आधीच भरला असेल तर पुराला त्याचा उपयोग नाही. सांडव्याच्या तोंडाशी जलपर्णी व कचरा अडकू देऊ नये आणि खालचा नाला बांधकामांनी अरुंद करू नये.